बाबूजींची वर्दी

खोब्रागडे बाबूजींच्या सासूबाई बालाघाटहून लेकीकडे राहायला आल्या की बाबूजी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन तशी वर्दी देत. तोंडी नव्हे, लेखी. माझी सासू, वय अंदाजे सत्तर, मध्यप्रदेशातून माझ्या घरी आली असून पोळ्यापर्यंत राहील, माहितीस्तव सादर. पहिल्या वेळी ठाण्यातला हवालदार हसला. दुसऱ्या वेळी चिडला. तिसऱ्या वेळी त्याला खरोखरच शंका आली आणि त्याने आवाज खाली आणून विचारलं, "बाबूजी, म्हातारी तिकडं काही करून तर नाही ना आली?"

"अजून तर काही नाही केलं तिनं," बाबूजी गंभीरपणे म्हणाले. "पण कोण कुठं राहून राहिलं हे सरकारले मालूम पाह्यजे ना."

सासूबाईंनी मरेपर्यंत जावयाला हे माफ केलं नाही. नळावर, देवळापाशी, जिथे चार बाया दिसतील तिथे त्या सांगत, "माह्या जावयानं माहं नाव चोरायच्या यादीत घातलं वं."

आम्ही धरमपेठेच्या मागच्या अंगाला एका गल्लीत, बाबूजींच्या बरोबर समोर राहत होतो. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. माझ्याकडे माहेरचं माणूस आलं आणि टांगा दारात थांबला की समोरच्या ओट्यावर बाबूजी उभे राहत. आधी सामानाकडे बघत, मग माणसाकडे. सामान मोठं असेल तर दुसऱ्या दिवशी विचारणा ठरलेली. "बाई, भाऊ आले वाटते. वर्दी दिली का?" मी एकदा वैतागून म्हटलं, "बाबूजी, भाऊ पुण्याहून आलाय, पाकिस्तानातून नाही." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो. तिकडून आला असता तर त्यानं सोताच दिली असती."

बाबूजी कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. बारीक, उंच, पाठीत जरा वाकलेले. नागपूरच्या मे महिन्यात कुत्री पाण्याच्या हौदात बसून राहतात, तेव्हाही हा माणूस कचेरीत जायचं म्हटलं की काळा कोट चढवायचा. घामानं कोटाच्या पाठीवर मिठाचे नकाशे उमटत. मी भूगोलवाली, मला ते दिसायचेच. "कोट काढा हो," म्हटलं तर म्हणत, "कोट पाहून खुर्ची तरी पुढं करते कोणी. बिनकोटाच्या माणसाले बाहेर थांब म्हणतात." ह्यात तक्रार नसे. आज उकडतंय म्हणावं तसं ते सांगत.

त्यांच्या घरामागे तीन खोल्या होत्या आणि त्या फक्त परदेशी विद्यार्थ्यांना मिळत. त्या वर्षांत आफ्रिकेतली, इराणातली, मलेशियातली बरीच मुलं नागपूरला शिकायला येत असत. कॉलेजात नाव घातलं जाई, पण राहायचं कुठे हा प्रश्न पडे. आमच्या गल्लीत खोली देण्याआधी आडनाव विचारायची रीत होती, आणि ह्या मुलांना तर आडनाव विचारायचीही गरज नव्हती, तोंड बघून दार लागत असे. खोली कालच गेली, पुतण्या येणार आहे, बायको आजारी आहे. तऱ्हेतऱ्हेची सभ्य उत्तरं.

ही उत्तरं बाबूजींना पाठ होती. त्यांना नोकरी लागली तेव्हा, आणि पुढे छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्म घेतल्यावरही, खोली शोधत ते ह्याच भागात हिंडले. "खोब्रागडे म्हटलं का खोली भरून जाये," ते सांगत. "सकाळी खाली, माहं नाव आयकलं का भरली." पुढे प्रॉव्हिडंट फंड आणि शेवंताबाईंचे दागिने घालून त्यांनी हे घरच विकत घेतलं. एका दुपारी एक काळाभोर मुलगा पत्ता विचारत गल्लीतून परत चाललेला त्यांनी पाहिला. त्याला हाक मारून आत बसवलं, पाणी दिलं आणि मागची खोली उघडून दिली. त्या दिवसापासून देशी भाडेकरू बंद.

पण प्रेम वगैरे काही नाही हं! खोली दिली की पहिलं काम म्हणजे कोट चढवून त्या पोराला परदेश्यांच्या नोंदणीच्या कचेरीत नेणं. पोरगं प्रवासानं शिणलेलं असे, पोट बिघडलेलं असे, बाबूजींना त्याचं काही नाही. सायकलरिक्षात बसवायचं आणि वाटेत नियम सांगायचे. पत्ता बदलला तर कळवायचं. शहराबाहेर गेलं तर कळवायचं. आजारी पडलं, कॉलेज बदललं, कळवायचं. एकदा त्यांची तीन पोरं रामटेकच्या जत्रेला जायला निघाली तर बाबूजी आधी ठाण्यात जाऊन आले आणि मग चिवड्याची पुरचुंडी घेऊन त्यांना बसवर सोडायला गेले. कचेरीतले कारकून त्यांना लांबून ओळखत. काळा कोट फाटकाशी दिसला की डबे उघडत, म्हणजे जेवणाची सुट्टी झाली. बाबूजी शांतपणे बाकावर बसून त्यांचं जेवण संपायची वाट बघत.

मी एकदा विचारलं, "एवढं कशाला करता? त्यांना नकोय, तुम्हालाही कोणी सांगितलेलं नाही."

"बाई," ते म्हणाले, "मले नोकरी काहून भेटली? घटनेत लिहिलेलं होतं म्हणून. साहेबाले मी आवडत होतो म्हणून नाही. त्याच्या मर्जीवर असतो तर मी आजही गावी असतो. जे कागदावर आहे ते आपलं. बाकी सब लोकाईच्या मर्जीचं." मग म्हणाले, "ह्या पोराईचं तर इथं कोणीच नाही. त्याईले कागदच आहे."

माझा सरकारी कागदावर काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझ्या वडिलांचं पेन्शन त्यांच्या तेराव्याला मंजूर झालं. पण ज्याला माणसांनी दार लावलं आणि कागदानं उघडलं, त्याच्याशी हा वाद मी कोणत्या तोंडानं घालणार होते?

परदेशी विद्यार्थ्याला राहायचा परवाना वर्षावर्षानं मिळत असे. मुदत वाढून मिळाली की बाबूजींच्या घरी पुरणपोळी. हा त्यांच्या घरचाच सण. पंचांगात नाही, आमच्यात नाही, त्यांच्यातही नाही. शेवंताबाई पुरण घालत, तूप वाढताना हात आखडत नसत, आणि गल्लीत ताटं फिरत. ज्या घरांनी त्या पोराला खोली नाकारली होती त्यांच्याकडेही एकेक पोळी जाई. "कायची आहे वं पोळी?" कोणी विचारलं तर शेवंताबाई सांगत, "जोसेफले एक साल भेटलं." जणू पोरगं पास झालं. वाढदिवसाची चौकशी त्या घरात कधी झाली नाही, पण कोणाची मुदत कधी संपते हे नवरा-बायको दोघांना तोंडपाठ. मुदतीच्या आधीच्या महिन्यात बाबूजींची झोप उडायची. ते माझ्याकडे येऊन नकाशाची वही चाळत बसत. "बाई, हा मलावी कुठं येते?" "आफ्रिकेत." "ते त्यालेही मालूम आहे. पण त्याच्या बाजूले कोण राहते?" शेजार चांगला आहे की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असे.

दावित इथिओपियाचा होता. माझ्या शाळेच्या जुन्या नकाशात त्या देशाचं नाव अजून अ‍ॅबिसिनिया होतं, ते त्यानं हसत हसत पेन्सिलीनं खोडून दिलं. उंच, हाडकुळा, बोलायला मऊ. शेवंताबाईंच्या हातची वांग्याची रस्साभाजी खाऊन आजवरच्या प्रत्येक परदेशी पोरानं डोळ्यांतून पाणी काढलं होतं. दावितनं पहिला घास घेतला, विचार केला, आणि खुणेनं आणखी तिखट मागितलं. शेवंताबाई चक्क उठून उभ्या राहिल्या. "हा आपलाच आहे वं," त्या मला येऊन सांगून गेल्या. पुढे तो त्यांच्या चुलीपाशीच बसायला लागला. ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ, जाळीदार भाकरी घालायचा, त्याच्या आईसारखी. ती शेवंताबाईंना आवडायची, बाबूजींना नाही. पण बाबूजी खायचे.

मराठी तो शेवंताबाईंकडून शिकला, त्यामुळे तीच मराठी शिकला. माझ्या पुण्याच्या भावानं त्याला इंग्रजीत नाव विचारलं, तर हा म्हणाला, "मी दावित. तुमी कवा आले? वर्दी देली का?" भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. बाबूजी ओट्यावर हसू लपवत होते. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते ध्यानात राहिलं.

मग त्याच्या देशात लष्करानं राज्य घेतलं. आमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. दावितचे वडील शाळेत हेडमास्तर होते. त्यांना शिपाई घेऊन गेले, एवढं एका नातलगानं तिसऱ्याच देशातून कळवलं. त्यानंतर घरून पत्र येणं थांबलं आणि पैसे येणंही थांबलं. दावितच्या बरोबरीचे दोघे परत गेले होते. ते विमानतळावरून घरी पोचलेच नाहीत. हे त्यानं मला इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पोळी करायची थांबले.

त्यानं कोणाला सांगितलं नाही आणि अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम धरलं. ट्रकमधून उतरणाऱ्या गाठी मोजायच्या. सकाळी जायचा, संध्याकाळी धुळीनं पांढरा होऊन यायचा. कॉलेजची हजेरी बुडाली. आता नियम असा होता की मुदत वाढवायची तर कॉलेजचा दाखला हवा, हा मुलगा इथे खरोखर शिकतो म्हणून. हजेरी नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर परवाना नाही. आणि शिकायला आलेल्यानं काम करायचं नाही, कुठेही, कसलंही. उपाशी राहायला तेवढी परवानगी लागत नव्हती.

मुदत जवळ आली तेव्हा त्यानं बाबूजींना सगळं सांगितलं. मला वाटलं बाबूजी कोसळतील. ते तर उत्साहानं माझ्याकडे आले. "पोरगं खरं बोललं, बाई! आता चिंता नाही. उद्या कचेरीत जाऊन सब सांगून देतो. बाप तुरुंगात, पैसा बंद, म्हणून पोटासाठी काम केलं. असं झालं तर काय करायचं हे नियमात कुठंतरी असनच."

"बाबूजी," मी म्हटलं, "हे असं काही करू नका. गप्प बसा. आमच्या ह्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ते काविळीचं सर्टिफिकेट देतील. अर्ध्या नागपूरच्या हजेऱ्या काविळीवर भरतात."

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे चप्पल घालून गेल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. "कागदावर खोटं?" ते म्हणाले. "कागदावर खोटं नाही लिहीत, बाई. मंग त्या कागदात अन् लोकाईच्या तोंडात फरक काय राह्यला?"

प्रतिष्ठित शेजारी म्हणून त्यांनी मलाही सोबत नेलं. म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. खोलीत पंखा गरगरत होता, वारा येत नव्हता. इन्स्पेक्टर वयस्क होते, कंटाळलेले, पण वाईट माणूस नव्हे. दावितला ते ओळखत होते. त्यांनी पासपोर्ट चाळला आणि दाखला कुठे आहे म्हणून विचारलं.

"नाही भेटला, साहेब. हजेरी नाही," बाबूजी म्हणाले.

"आजारी होता का?" इन्स्पेक्टरांनी मान वर न करता विचारलं. मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आजारी असेल तर डॉक्टरचा कागद आणा. मी तीन महिने देतो. तोवर परीक्षा होऊन जाते."

एवढं सरळ दार कोणी उघडून देत नाही. मी बाबूजींचा कोट मागून ओढला.

"आजारी नव्हता, साहेब," बाबूजी म्हणाले. "तो वाडीले गोदामात काम करते."

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खोब्रागडेजी, पंख्याचा आवाज फार आहे. मी काही ऐकलं नाही."

हे बाबूजींना खरंच वाटलं! ते खुर्चीवरून उठले, टेबलावर वाकले, आणि कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तो काम करते, साहेब. वाडीले. बापाले पकडलं म्हणून. लिहून घ्या. कागदावर घ्या."

टाइपरायटर थांबले. बाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. दाराशी कोणीतरी वरचे साहेबही उभे होते. इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले, उघडले आणि पेन उचललं. लिहिताना ते बाबूजींकडे एकदाही बघत नव्हते. बाबूजी मात्र एकेक वाक्य सांगत होते, बापाची अटक, बंद झालेले पैसे, पोराचा स्वभाव, सगळं. इन्स्पेक्टरांनी त्यातलं फक्त काम तेवढं लिहिलं. खाली बाबूजींनी घरमालक म्हणून सही केली. ठसठशीत, रेकॉर्ड रूमची सही. दावित भिंतीला टेकून उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, बाबूजींच्या आधी कळलं होतं. त्यानं त्यांना अडवलं नाही. का अडवलं नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

येताना रिक्षात बाबूजी खुशीत होते. "सब रेकॉर्डवर आलं," ते म्हणाले.

देश सोडून जायचा हुकूम यायला फार दिवस लागले नाहीत. ज्या सरकारचं पेन्शन तेराव्याला येतं, त्याचा असला कागद कसा वेळेवर येतो बघा.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आजही जेवण गोड लागत नाही. बाबूजींनी आधी मानलंच नाही. हुकूम चुकीच्या कलमाखाली निघालाय, म्हणाले. कोट चढवून ते कलेक्टर कचेरीत गेले, जिथे त्यांनी जन्म घालवला होता. तिथल्या नव्या साहेबानं खुर्ची पुढे केली, चहा दिला आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणाला. वकिलाकडे गेले. वकिलानं सगळं ऐकून विचारलं, "हे सांगितलं कोणी तिथं?" बाबूजी म्हणाले, "मी." वकिलानं हुकूम घडी करून त्यांच्या हातात परत दिला. मग एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले, तिथे त्यांना नमस्कार करून बाहेर आणून सोडलं. नियमांचं जाडं पुस्तक त्यांनी कुठूनसं आणलं आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचून काढलं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, हे त्यात कुठे नव्हतं. असणार कसं? तो प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

शेवंताबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढत, समोर ठेवत, निघून जात. दावितच दोघांमध्ये निरोप नेत असे. "आई म्हणते भाकर खाऊन घ्या." ज्याला हाकलून लावायचं होतं तो पोरगा ह्या दोघांची समजूत घालत होता.

निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. बाबूजी, शेवंताबाई आणि मी. मुंबईपर्यंत सोबत म्हणून एक शिपाई दिला होता, तो डब्यात खिडकीची जागा धरून डबा उघडून बसला होता. भर दुपार होती. शेवंताबाईंनी दावितला तिखटाची पुडी दिली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दावितनं त्यांच्या पाया पडायला वाकून पुन्हा वर पाहिलंच नाही, तसाच वळून आत गेला. बाबूजी त्याची वळकटी ठेवायला म्हणून मागोमाग चढले. गाडी सुटली. बाबूजी उतरले नाहीत.

"अवं, हे कुठं चालले?" शेवंताबाई ओरडल्या. ज्या माणसानं आयुष्यात बसमध्ये एक टप्पा जास्त प्रवास केला नाही, तो प्लॅटफॉर्म तिकिटावर मुंबईच्या गाडीत बसून निघून गेला. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. मग घरी आलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो.

दिवेलागणीला बाबूजी परत आले. कोट हातावर होता. तो त्यांनी खुंटीला न लावता तसाच ओट्यावर टाकला आणि पायरीवर बसले.

"वर्ध्यापर्यंत गेलो," ते म्हणाले. "टीसीले म्हटलं, मी बिनातिकीट आलो, दंड घ्या. तो म्हणाला, जा बाबा घरी. घेतला नाही."

शेवंताबाई आत जायला उठल्या तसे ते म्हणाले, "थांब ना वं." त्या थांबल्या.

"वर्धा आलं तवा शिपाई पाणी आणाले उतरला," बाबूजी म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, समोर रस्त्याकडे बघत होते. "पलीकडच्या बाजूचं दार उघडं होतं. मी दावितले म्हटलं, उतर. मी म्हटलं, बाई. मी म्हटलं, उतर, हिंगणघाटले माहा साळा आहे, तिथं राहाय. कोणाले पत्ता नाही लागत. काही वर्दी नको, काही नको. मी त्याचा हात धरून ओढला."

"मग?" मी विचारलं.

"नाही उतरला. म्हणाला, बाबूजी, उद्या ते तुमच्या दारी येतीन. तुमाले विचारतीन, दावित कुठं आहे? तुमी सांगून देसान."

गल्लीतून कोणीतरी सायकलवरून गेलं. बाबूजींना नमस्कार घालून गेलं, त्यांनी तो घेतला नाही.

"मी म्हटलं, नाही सांगणार. तो हसला, बाई. रागानं नाही. असा हसला, जसा मी लहान पोरगा आहो. मंग शिपाई आला. मी उतरलो."

त्यानंतर दावितचं काहीच कळलं नाही. पत्र नाही, निरोप नाही, बरं नाही, वाईट नाही. पण हे पुढचं. त्या संध्याकाळी बाबूजी पायरीवर बसले होते, आणि त्यांनी शेवंताबाईंच्या लुगड्याचा काठ धरला. माझ्यादेखत त्यांनी बायकोला कधी साधी हाकही धड मारली नव्हती.

"खरंच नसतं सांगितलं मी," ते म्हणाले. "नसतं ना सांगितलं?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्या बऱ्याच दिवसांनी नवऱ्याशी बोलल्या.

"नसतं सांगितलं तुमी," त्या म्हणाल्या. "मले मालूम आहे. उठा, हातपाय धुवा."

ते उठले आणि आत गेले.